हॉर्मोनचा संशय आला. पेशंट पाठवायचा कधी?

आमच्या दवाखान्यात एक बाई वर्षातून दोन-तीनदा सलाईन लावून घ्यायला यायच्या. वय ३८. तक्रार एकच, "अंगात त्राणच नाही, डॉक्टर." हिमोग्लोबिन ९, बीपी ९०/६०. मी लोहाच्या गोळ्या देत होतो, बी-१२ ची इंजेक्शनं देत होतो. एकदा टीएसएचही केला, तो आला ३.१. "थायरॉईड नॉर्मल आहे," असं त्यांना सांगितलं आणि केसपेपरवर लिहूनही ठेवलं. चार महिन्यांनी जुलाब-उलट्यांचं निमित्त झालं आणि त्यांना अर्धवट शुद्धीत रिक्षातून आणलं. साखर ५२, सोडियम ११८. मी शीर शोधत असताना सासूबाई सहज म्हणाल्या, "धाकट्याच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, तेव्हापासून हिचं हे असंच. दूधही आलं नाही, पोराला गाईचं पाजलं. पाळी तर परत आलीच नाही."

धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हणजे आजाराचं निदान नऊ वर्षं त्या घरात पडून होतं आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आकाराने वाढलेली असते. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती हळूहळू निकामी होते. दूध येत नाही, पाळी येत नाही, काखेतले केस जातात, चेहरा फिकट पडतो, आणि पुढे काही वर्षांनी एखाद्या साध्या आजारात ताण पेलणारं कॉर्टिसोल हॉर्मोन कमी पडून माणूस कोसळतो. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, पिट्युटरीतूनच येतो. ती ग्रंथीच थकली असेल तर तो वाढणार कुठून? तो नॉर्मल दिसतो आणि आपण फसतो. त्या दिवशी नुसता फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, जोडीला केला असता, तर बाईंना ते चार महिने काढावे लागले नसते.

हा लेख माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने ओपीडी ओढणाऱ्यांसाठी आहे. घरच्यांनी वाचला तर चांगलंच, फक्त डोस डॉक्टरांवर सोडा. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनतज्ज्ञ, अजूनही बहुतेक तालुक्यांत नाही. पेशंटला त्याच्याकडे पाठवायचं म्हणजे एका माणसाची रोजंदारी बुडणार, सोबत येणाऱ्याचीही बुडणार, एसटीचा प्रवास, वर तिथली रांग. त्यामुळे सगळ्यांनाच पाठवून चालत नाही आणि अडवून ठेवूनही चालत नाही. माझ्या मते प्रश्न तीनच आहेत: आज पाठवायचं, आठ-पंधरा दिवसांत पाठवायचं, की आपणच बघायचं? आणि पाठवेपर्यंत आपल्या हातून काय होता कामा नये?

पहिली पायरी: रिपोर्टच्या आधी पाच मिनिटं

हॉर्मोनचा आजार एका तक्रारीत दिसत नाही, तक्रारींच्या जुळणीत दिसतो. थकवा तर सगळ्यांनाच असतो. थकव्यासोबत वजन उतरलं, बीपी खाली आणि हाताच्या रेषा काळ्या पडल्या, तर गोष्ट वेगळी. म्हणून मी आता ठरावीक प्रश्न विचारतो. पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, नियमित येते का? शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं का, बाळाला अंगावर पाजलं का? गेल्या वर्षभरात सांधेदुखीच्या पुड्या, दम्याच्या गोळ्या, गुडघ्यात इंजेक्शन, गोरं होण्याचं क्रीम यांतलं काय काय झालं? केसांसाठी काही गोळी चालू आहे का? जिमला जात असेल तर तिथून काय मिळतं?

पुड्यांच्या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी "नाही" असतं. मी विचारतो, "ती घेतली की दोन दिवसांत भूक लागते आणि दुखणं पळतं, अशी कुठली पुडी आहे का घरात?" मग पिशवीतून पुडी निघते, बहुधा स्टेरॉईडची.

तपासणीत चार गोष्टी चुकवू नका. बीपी बसून आणि उभं राहून. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या. गळा, तोही पाण्याचा घोट गिळायला लावून. आणि पेशंटचा जुना फोटो. आधार कार्डावरचा फोटो माझ्या फार उपयोगी पडलेला आहे. नाक-ओठ जाड झाले, जबडा पुढे आला, चप्पल दोन नंबरांनी वाढली, अंगठी बोटातून निघेना, हा ॲक्रोमेगालीचा (मोठेपणी ग्रोथ हॉर्मोन वाढल्याचा) बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्या बायकोलाही कळत नाही. कार्ड शेजारी धरलं की कळतो.

दुसरी पायरी: रिपोर्ट खोटं बोलतोय का ते बघा

पाठवायच्या आधी निम्मे पेशंट इथेच गाळले जातात. केसगळतीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. काही मशीनवर त्याच्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, म्हणजे कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईड, थायरॉईड जास्त काम करतोय असं. गोळी किमान दोन दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा काढा. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास काढायचं. दुपारी चारला काढलेल्या कॉर्टिसोलवरून काहीही ठरत नाही. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉनही सकाळीच आणि दोनदा. तापाने फणफणलेल्या, ॲडमिट असलेल्या माणसाचा थायरॉईड प्रोफाईल, तसा खास संशय नसेल, तर करूच नका. तो बिघडलेला येतो आणि बरं झाल्यावर आपोआप सुधारतो.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं हॉर्मोन, वाढलेलं दिसलं की लगेच मेंदूचा एमआरआय लिहिणारे आपल्यात बरेच आहेत. आधी गर्भाची चाचणी, मग टीएसएच, मग पेशंटची औषधांची पिशवी. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराईड असतं, आणि ती कॅप्सूल माणसं महिनोन् महिने मेडिकलमधून स्वतःच आणून खातात. दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतात. तीन-चार दिवस बंद करून पुन्हा तपासा. मात्र मानसिक आजाराच्या गोळ्यांनी वाढलं असेल तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाला फोन करायचा. यातलं कुठलंच कारण नसताना आकडा १०० च्या वर असेल, किंवा डोकं दुखून नजरेच्या दोन्ही कडा अंधारल्यासारख्या वाटत असतील, तर मात्र पाठवा.

आधी रक्त, मग चित्र. हा क्रम उलटा केला की घोळ होतो. धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्येही पिट्युटरीत बारीकसा ठिपका बऱ्याचदा सापडतो. तो एकदा सापडला की पेशंटची झोप उडते आणि त्या ठिपक्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

तिसरी पायरी: हे आजच, गाडी लावून

इथे चिठ्ठीपेक्षा आपले हात महत्त्वाचे.

ॲड्रिनल क्रायसिस, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसोल अचानक कमी पडणं. बीपी सलाईनलाही दाद देत नाही, उलट्या, पोटदुखी, साखर कमी, सोडियम कमी. पोटॅशियम जास्त असेल आणि कातडी काळवंडलेली असेल तर ॲडिसनचा आजार, म्हणजे ॲड्रिनलच निकामी. आपल्याकडे त्याच्या मुळाशी टीबी अजूनही सापडतो, छातीचा एक्स-रे आणि जुनी टीबीची फाईल विचारा. कातडी फिकट असेल तर पिट्युटरी. दोन्हीत पहिला उपाय एकच: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, तेही लगेच, आणि नॉर्मल सलाईन पहिल्या तासात एक लिटर. जमलं तर इंजेक्शनच्या आधी कॉर्टिसोलसाठी एक नळी रक्त काढून ठेवा. नाही जमलं तर सोडून द्या, पण रिपोर्टसाठी इंजेक्शन थांबवू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला २५, बारापर्यंत ५०, त्यापुढे १०० मिलिग्रॅम. मग ॲम्ब्युलन्स. एक सावधगिरी: हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर पडलेलं सोडियम भराभर चढायला लागतं. चोवीस तासांत ८ आकड्यांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, म्हणून पुढच्या हॉस्पिटलला फोनवर "सोडियम वरचेवर बघा" एवढं सांगा. आमच्या त्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसल्या आणि चहा मागितला. एवढ्या एका इंजेक्शनात असा फरक मी फार थोड्या आजारांत पाहिलाय.

लहान मुलातला मधुमेह. पोर सारखं पाणी पितंय, अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं ते पुन्हा सुरू झालंय, जेवूनही वाळतंय. ग्लुकोमीटर तिथल्या तिथे लावा. २०० च्या वर असेल तर "उद्या उपाशीपोटी या" हे वाक्य उच्चारायचंही नाही. त्याच दिवशी पाठवा. श्वास खोल आणि जोरात चाललाय म्हणून न्यूमोनिया, पोट दुखतंय म्हणून अपेंडिक्स, असं समजून किटोॲसिडोसिसची (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठलेली) मुलं दोन-दोन दिवस भलत्याच उपचारांवर राहतात.

जन्मतः लिंग स्पष्ट नसलेलं बाळ, किंवा "मुलगा" म्हणून नोंदवलेलं पण दोन्ही गोट्या हाताला न लागणारं बाळ. ही मुलगी असू शकते, जन्मजात ॲड्रिनलच्या आजाराची. घाईने "मुलगा झाला" जाहीर करू नका, पेढे थोडे थांबतील. याच आजाराचा मुलगा बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो आणि दुसऱ्या आठवड्यात उलट्या, घटतं वजन, वाढलेलं पोटॅशियम घेऊन येतो. तो जुलाबाचा पेशंट म्हणून आपल्या हातात मरू शकतो.

बाकीचे झटपट सांगतो. अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या आणि नजर कमी: पिट्युटरीतला रक्तस्राव. हायपरथायरॉईडच्या पेशंटला ताप, १४० च्या वर नाडी, बडबड: थायरॉईड स्टॉर्म. कॅल्शियम १४ च्या पुढे, किंवा इतकं खाली की हात वळतायत, फिट येतेय. आणि सकाळी उठताना पायच उचलेनात असा तरुण पुरुष, आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं, पोटॅशियम २. त्याचा थायरॉईड बघा, आणि अशक्त दिसतोय म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावू नका. त्याने पोटॅशियम आणखी उतरतं.

चौथी पायरी: थायरॉईड, कारण रोजचं काम तेच

टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी: हा साधा हायपोथायरॉईड, थायरॉईड कमी पडणं. हा पेशंट आपला आहे, पाठवायची गरज नाही. तरुण माणसाला थायरॉक्सिन किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम. म्हातारं माणूस किंवा हृदयविकार असेल तर १२.५ ते २५ पासून हळूहळू. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. दर पंधरा दिवसांनी करून लॅबचं भलं होतं, पेशंटचं होत नाही.

टीएसएच ५ ते १०, फ्री टी-४ नॉर्मल: घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. बरेचसे आकडे आपसूक खाली येतात. दहाच्या वर टिकला तर उपचार. दिवस राहिलेल्या किंवा राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या बाईला हा सगळा हिशोब लागू नाही, तिथे थांबायचं नाही. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी डोस पाव हिश्शाने वाढवा. सोपा मार्ग म्हणजे आठवड्याला सातच्या ऐवजी नऊ गोळ्या. मग दर चार आठवड्यांनी टीएसएच. तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत डोस तसाच ठेवला, तर बाळाच्या मेंदूची वाढ व्हायचे आठवडे त्यातच जातात.

आता पाठवायचे कोणते ते सांगतो.

फ्री टी-४ कमी आणि टीएसएच कमी, नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेला. हा पेशंट म्हणजे माझ्या त्या बाई. इथे थायरॉक्सिनची गोळी लिहायचा मोह आवरायला हवा. कॉर्टिसोल कमी असताना थायरॉक्सिन दिलं, की शरीराची गाडी पळायला लागते, उरलंसुरलं कॉर्टिसोलही भराभर संपतं आणि पेशंट दोन दिवसांत कोसळतो. आधी सकाळचं कॉर्टिसोल. ते ३ च्या खाली असेल तर शंका उरत नाही. १५-१८ च्या वर असेल तर बहुधा सुटलो. मधल्यांना एसीटीएच (ॲड्रिनलला कामाला लावणारं हॉर्मोन) देऊन तपासावं लागतं, ते काम तिकडचं. उपचाराचा क्रम कायम आधी स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन.

टीएसएच कमी, टी-३ किंवा टी-४ जास्त. आठ-पंधरा दिवसांत पाठवा. तोपर्यंत दमा नसेल तर प्रोप्रानोलॉल, म्हणजे धडधड आणि थरथर आवाक्यात राहते. निओमर्कॅझोल, म्हणजे थायरॉईड दाबणारी गोळी, लगेच सुरू करावं असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. ग्रेव्हजचा आजार, म्हणजे थायरॉईडच जास्त हॉर्मोन बनवत असेल, तर ती गोळी वर्ष-दीड वर्ष चालते. पण थायरॉईडला सूज येऊन साठलेलं हॉर्मोन नुसतं बाहेर सांडत असेल, तर तिचा काही उपयोग नाही, तो आजार काही आठवड्यांत स्वतःच ओसरतो. दुखरा गळा, अलीकडे येऊन गेलेला ताप, किंवा सहा महिन्यांच्या आत झालेलं बाळंतपण असेल तर सूज आठवा. डोळे बाहेर आलेले असतील तर ग्रेव्हज. ज्यांना गोळी सुरू आहे त्यांना केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून द्या: ताप आला किंवा घसा दुखला की गोळी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). पांढऱ्या पेशी एकदम खाली जाण्याचा धोका क्वचित असतो, पण जीवघेणा असतो. डोळ्यांचे पेशंट असतील त्यांची नजर अंधुक झाली, रंग फिके दिसायला लागले किंवा डोळा दुखायला लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

गळ्यातली गाठ. टीएसएच आणि सोनोग्राफी इथेच करा. कडक, वाढती, आवाज बसलेला, शेजारी अवधाण आलेलं, किंवा सोनोग्राफीत संशय असेल तर पाठवा, थांबून बघू नका. टीएसएचच कमी असेल तर तपासणीसाठी सुई घालायच्या आधी थायरॉईडचा आयसोटोप स्कॅन.

डोस वाढवत नेला तरी टीएसएच खाली येत नाही. पाठवायच्या आधी गोळीची बाटली मागवून गोळ्या मोजा. दहापैकी सात वेळा गोम इथे असते: गोळी चहाबरोबर, नाश्त्यानंतर, किंवा बाटली देवघरातल्या दिव्याशेजारी ओलसर कोनाड्यात. मोजणी बरोबर निघाली तर मग चिठ्ठी.

नवजात बाळाचा वाढलेला टीएसएच हा सगळ्यांत घाईचा. आपल्याकडे हजार-अकराशे बाळांमागे एकाला जन्मजात हायपोथायरॉईड असतो. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर पोर इतरांसारखं शाळेत जातं, महिने गेले तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. निश्चित करणारं रक्त काढा आणि बालरोगतज्ज्ञाला फोन करून थायरॉक्सिन किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम त्याच दिवशी सुरू करा, गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात. मग तालुका सोडू दे.

पुड्या, क्रीम आणि गोल चेहरा

कुशिंग, म्हणजे अंगात स्टेरॉईड जास्त होणं, म्हटलं की पुस्तकात पिट्युटरीची गाठ येते. आपल्या ओपीडीत मात्र सर्वांत जास्त दिसतो तो औषधातल्या स्टेरॉईडने झालेला. गुडघ्याची पुडी, डेक्साच्या गोळ्या, तोंडाला लावायचं बीटामेथासोन. चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय काडीसारखे, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा आपटलं की काळंनिळं.

इथली आपली चूक म्हणजे रागावणं. "हे विष आजपासून बंद!" असं म्हटलं की पेशंट आज्ञाधारकपणे बंद करतो आणि आठवड्याने उलट्या होऊन पडतो. महिनाभरापेक्षा जास्त घेतलेलं असेल तर त्याची स्वतःची ॲड्रिनल झोपी गेलेली असते. पुडी बंद, पण तिच्या जागी मोजून प्रेडनिसोलोन चालू ठेवा, साधारण रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपास, पुडी किती दिवस आणि किती होती त्यावरून. आणि पुढच्या उतरणीसाठी पंधरा दिवसांत पाठवा. पुडी सोबत द्या. बाहेरचं काहीच घेतलेलं नाही याची खात्री झाली आणि तरी चिन्हं तीच दिसली, तर रात्री ११ ला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम, सकाळी ८ ला कॉर्टिसोल. ते १.८ च्या वर आलं की पाठवा.

पाळी आणि लव

पीसीओएसच्या (लोक पीसीओडी म्हणतात त्या अंडाशयाच्या तक्रारीच्या) बहुतेक मुली आपल्याकडेच बऱ्या राहतात. वजन, गोळ्या, धीर. कोवळ्या मुलीची सोनोग्राफी बघून निदान करू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत अंडाशय तसे दिसणं फार सामान्य आहे. लग्न जमवायच्या वयात "पीसीओडी आहे" हा शिक्का घरात काय करतो, ते सांगायला नको.

पाठवायचं कधी? लव काही महिन्यांत झपाट्याने वाढली, आवाज घोगरा झाला, टक्कल पडायला लागलं, टेस्टोस्टेरॉन १५०-२०० च्या वर गेलं. ही गाठ असू शकते, आठवड्याच्या आत. पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, चाळिशीच्या आत कायमची गेली, पाळी नाही आणि स्तनातून दूध येतंय, तर पंधरा दिवसांत. सगळ्यांच्या आधी गर्भाची चाचणी, मुलगी कितीही "नाही" म्हणो आणि आई शेजारी कितीही डोळे वटारो. आईला दोन मिनिटं बाहेर बसवायचं.

मुलांची उंची: भिंतीवर पट्टी लावा

उंचीच्या तक्रारीत एक माप निरुपयोगी, सहा महिन्यांच्या अंतराने दोन मापं हवीत. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत पोर वर्षाला ५ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल, किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर तिसऱ्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या, रेषेखाली असेल तर शोध घ्या. आईबापांची सेंटीमीटरमधली उंची मिळवा, मुलासाठी त्यात १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, दोनाने भागा. अंदाज येतो. हिमोग्लोबिन, टीएसएच, गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सिलिॲकची तपासणी, डाव्या पंजाचा एक्स-रे, एवढं इथे होतं. बुटक्या मुलीचं कारण सापडलं नाही तर टर्नर सिंड्रोमसाठी (एक एक्स गुणसूत्र कमी असणं) गुणसूत्रं तपासायला पाठवाच. साधारण अडीच हजार मुलींत एकीला तो असतो आणि पुष्कळ वेळा बुटकेपणा सोडून दुसरं काही दिसत नाही.

उशीर इथे महाग पडतो. पालक म्हणतात, "बाप पण उशिरा वाढला होता." असेलही. पण मुलगी पाळी आल्यावर जेमतेम ५-७ सेंटीमीटर वाढते. हाडांची टोकं जुळली की ग्रोथ हॉर्मोनही काही करू शकत नाही.

वयात येण्याचे आकडे पाठ ठेवा. मुलीची आठच्या आत छाती वाढली किंवा मुलाची चिन्हं नऊच्या आत सुरू झाली तर लवकर. मुलीची तेरापर्यंत छाती नाही, मुलाची चौदापर्यंत गोटी वाढली नाही तर उशिरा. लवकर येणाऱ्या मुलग्याला नक्की पाठवा, त्यांच्यात मुळाशी आजार सापडण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते.

कॅल्शियम आणि बीपी

मुतखडा वारंवार, हाडं दुखतायत, कॅल्शियम ११. आधी अल्ब्युमिन बघून हिशोब सुधारा, मग विचारा, "डी-३ ची पुडी कशी घेताय?" आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी रोज एक घेणारे लोक आहेत, आणि सहा लाखांची इंजेक्शनं एकावर एक घेतलेले आजोबाही आहेत. तसं नसेल तर पीटीएच (पॅराथायरॉईडचं हॉर्मोन) करा. कॅल्शियम जास्त असून पीटीएच दबलेला नसेल तर पॅराथायरॉईड, पाठवा. फिटच्या पेशंटच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूत आत कॅल्शियम साठलेलं दिसलं, किंवा थायरॉईडच्या ऑपरेशनची खूण गळ्यावर आहे, तर रक्तातलं कॅल्शियम बघा. फिटच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं राहिलेली अशी माणसं असतात.

बीपी तिशीच्या आत, किंवा तीन औषधांना न जुमानणारं, किंवा पोटॅशियम कमी असलेलं: अल्डोस्टेरॉनसाठी (अंगात मीठ धरून ठेवणारं ॲड्रिनलचं हॉर्मोन) पाठवा. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येत असतील तर फिओक्रोमोसायटोमा, ॲड्रिनलची गाठ. त्याला नुसता बीटाब्लॉकर देऊ नका, बीपी भडकतं.

चिठ्ठी

"थायरॉईड? कृपया बघावे" ही चिठ्ठी म्हणजे पेशंटला पुन्हा शून्यापासून सुरू करायला लावणं. मी त्या बाईंसोबत दिलेली चिठ्ठी अशी होती:

"स्त्री, ३८. नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात जास्त रक्तस्राव, नंतर दूध नाही, पाळी नाही. काल रात्रीपासून उलट्या-जुलाब. आज बीपी ८०/५०, साखर ५२, सोडियम ११८. टीएसएच ३.१, चार महिन्यांपूर्वी. फ्री टी-४ कधीच केलेला नाही. कॉर्टिसोलसाठी रक्त १०.२० ला काढलं, नळी सोबत. १०.२५ ला हायड्रोकॉर्टिसोन १०० शिरेतून. थायरॉक्सिन दिलेलं नाही. प्रश्न: पिट्युटरी पूर्ण गेली आहे का? परत आल्यावर इथे मी काय बघू?"

वेळा लिहिल्या, न दिलेलं औषध लिहिलं, आणि एक प्रश्न विचारला. शेवटच्या प्रश्नामुळे उलट चिठ्ठी येते, हा अनुभव आहे. स्टेरॉईडचा शेवटचा डोस, लॅबचं नाव, रक्त काढल्याची वेळ आणि मुलाच्या मापांच्या तारखा विसरू नका.

पाठवायचं कुठे, तर मुंबईत परळच्या महापालिकेच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. रेडिओॲक्टिव्ह आयोडीनसाठी परळचंच रेडिएशन मेडिसिन सेंटर. पण प्रत्येकाला मुंबई नको. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन किंवा बालरोग विभागात यातलं बरंच होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत येतं, त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या केंद्रात नोंद होते आणि आईबापांची धावपळ वाचते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर आधी तज्ज्ञाशी बोलून घेतलं, तर कधी कधी फेरीच वाचते.

पेशंट परत आल्यावर

उतरत्या किंवा कायमच्या स्टेरॉईडवर असलेला पेशंट परत आपल्याच दारात येणार. त्याला दोन वाक्यं घोकून घ्यायला लावा: ताप आला तर गोळी दुप्पट, उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन, वाट न बघता. दात काढायला किंवा ऑपरेशनला जाताना आधी सांगायचं. एक कार्ड खिशात, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत आजाराचं नाव आणि "हायड्रोकॉर्टिसोन १०० ताबडतोब". आमच्या बाईंनी ते कार्ड मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं होतं. ते काढून पर्समध्ये ठेवायला लावलं, आणि एक प्रत सासूबाईंकडे दिली.

दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन कुप्या ॲड्रिनलिनच्या शेजारी ठेवा. एक्स्पायरी आमचा कंपाउंडर दर तीन महिन्यांनी बघतो, आणि कुपीवर त्याने स्केच पेनने तारीख मोठी करून लिहिलेली असते.